व्हिएन्नाचा सप्टेंबर: साडी, स्वेटर आणि वारा

सप्टेंबरात व्हिएन्नाला जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "थंडी किती असते गं तिथे?" तिथली थंडी सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, आणि वारा सुटला की तिसरीच. आल्प्सचे डोंगर जिथे संपतात आणि हंगेरीकडचं सपाट मैदान जिथे सुरू होतं, त्या सांध्यावर हे शहर वसलं आहे. पश्चिमेकडून वारा आला की अटलांटिकवरचे ढग आणि पाऊस घेऊन येतो. पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून आला तर कोरडी, उबदार हवा. महिन्याची सरासरी बघाल तर दिवसा २०-२१ अंश आणि पहाटे ११-१२, अगदी पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेसारखी. पण या सरासरीवर विसंबून बॅग भरू नये. २०२४ साली सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे पारा तिशीच्या वर होता, आणि महिन्याच्या मध्यावर 'बोरिस' वादळ आलं तेव्हा लोक कोट घालून पूर बघत होते. शहरातली एरवी ओढ्याएवढी असणारी वीन नदी काठोकाठ भरली आणि तिच्या कडेने धावणारी यू-४ मेट्रो काही भागात बंद ठेवावी लागली.

माझा दादा आणि वहिनी तिथे राहतात. आईला घेऊन जायचं ठरलं ते गणपती झाल्यावर, पितृपक्षात, कारण तेव्हा तिकिटं जरा आवाक्यात होती. आईने आधीच बजावलं, "पक्ष सुरू व्हायच्या आत काय घ्यायचं ते घेऊन टाका. नंतर मी नवं कापड अंगाला लावणार नाही." आणि तिची दुसरी अट, साडी सोडणार नाही. नातेवाइकांनी पँट-कुर्त्याचा आग्रह धरला. परदेशात साडी म्हणजे पायात अडकणार, थंडी वाजणार, लोक बघणार. मला ते पटलं नाही. सत्तरीच्या बाईने आयुष्यभर ज्या वस्त्रात चालण्या-बसण्याचा सराव केला, ते सोडून अनोळखी कपड्यात अनोळखी शहरात फिरावं, यात कसली सोय? साडी नेसूनच नीट कसं फिरता येईल ते बघायचं, असं मी ठरवलं. हे लिहिण्याचं कारणही तेच. शोधायला गेलं की जीन्स, बूट आणि ट्रेंच कोटच्या याद्या ढिगाने मिळतात. आपल्या आयांसाठी कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

गुरुवार

विमानाबद्दल एवढंच, की आतला एसी व्हिएन्नाच्या हवेपेक्षा जास्त गार असतो. शाल आणि मोजे हातातल्या पिशवीत हवेत, सामानात नव्हे.

विमानतळाबाहेर लख्ख ऊन होतं. आईने तिथेच स्वेटर काढला आणि म्हणाली, "एवढं तर महाबळेश्वरलाही असतं." घरी पोचलो आणि उलटंच झालं. दादाचं घर शंभर वर्षांच्या जुन्या इमारतीत आहे. हातभर जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन. बाहेर २२ अंश, आत पाऊल टाकलं की गारवा. वहिनी म्हणाली, "इथे बहुतेक घरांत हीटर अजून सुरू झालेले नसतात. हिवाळ्यात घर उबदार आणि बाहेर थंडी, सप्टेंबरात बाहेर ऊब आणि घरात गारठा. आई, तुम्ही घरात मोजे काढू नका." सप्टेंबरचं हे गणित कुठल्याच यादीत नसतं. रात्री झोपताना घालायला जाड मोजे आणि पातळ बंडी लागतेच.

संध्याकाळी वहिनीने आईची बॅग उघडून पलंगावर सगळं मांडलं. वर होतं ते फुगीर जाकीट, शेजारच्या काकूंनी कॅनडाहून आणलेलं, अगदी प्रेमाने दिलेलं.

"आई, हे इथेच राहू दे."

"अगं, पण थंडी वाजली तर?"

"वाजेल ना. पण सकाळी घालून निघालात की अकरा वाजता घाम फुटेल. मग दिवसभर हातावर वागवायचं. ट्राममध्ये ठेवायला जागा नाही, आणि बाहेर पडल्यावर घामावर वारा बसला की सर्दी. त्यापेक्षा पातळ पातळ चार कपडे घाला."

मग वहिनीने क्रम लावून दिला. सगळ्यात आत पातळ थर्मल, वरचा आणि खालचा. त्यावर पूर्ण बाहीचं पोलकं आणि परकर. परकर सॅटिनचा हवा, कारण सुती परकर थर्मलला चिकटून चालताना पायांत गोळा होतो. त्यावर साडी. साडीवर बटणांचा स्वेटर. डोक्यातून घालायचा नको, कारण अंबाडा विसकटतो, पदराची पिन ओढली जाते आणि ट्राममध्ये बसल्या बसल्या काढता येत नाही. आणि सगळ्यात वर गुडघ्याच्या खाली येणारा, वारा अडवणारा, टोपीचा हलका कोट. कोटाला आतून गुळगुळीत अस्तर असायलाच हवं, ही गोष्ट मी वहिनीकडून शिकले. खरखरीत लोकरीच्या कोटात जरीचे काठ अडकतात आणि धागे निघतात.

शुक्रवार

सकाळी आठला निघालो तेव्हा ११ अंश होते, आणि आईच्या अंगावर वरचे सगळे थर. ट्रामचा मजला इथे बहुतेक गाड्यांमध्ये फूटपाथच्या जवळजवळ लगत असतो, त्यामुळे निऱ्या उचलून पायऱ्या चढायचा प्रश्न आला नाही. मेट्रोच्या सरकत्या जिन्यांचं मात्र भान ठेवावं लागतं. आईने साडी घोट्याच्या दोन बोटं वर नेसली होती, आणि निऱ्यांना आतून, गुडघ्याच्या जरा खाली, एक मोठी सेफ्टी पिन लावली होती. ही तिचीच युक्ती, पूर्वी लोकलच्या गर्दीत शिकलेली. वाऱ्याने निऱ्या फाकत नाहीत आणि पाऊलही पूर्ण टाकता येतं.

जुन्या शहरात पायाखाली दगड असतात. गुळगुळीत, चौकोनी, मध्ये फटी असलेले. पाऊस पडून गेला असेल तर निसरडे. इथे मी ठाम मत देते: अंगावर काय घालायचं यावर जेवढा विचार करता, त्याच्या दुप्पट पायांत काय घालायचं यावर करा. आईने पुण्यात महिनाभर आधी घेतलेले, रोज संध्याकाळी तळजाई टेकडीवर वापरून रुळवलेले काळे बूट घातले होते. तळ रबराचा, टाच सपाट, बोटांना जागा. साडीखाली काळे बूट अजिबात खटकत नाहीत. नवेकोरे बूट घेऊन थेट सहलीला निघणाऱ्यांची मला काळजी वाटते.

सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. दगडी, अरुंद, गोल गोल वर जाणाऱ्या. त्या मी एकटीने चढले, आई आणि वहिनी खाली बसल्या. चढताना घाम, आणि वर खिडकीशी उभं राहिलं की गार वारा थेट कानात. मी कोट कमरेला बांधून चढले आणि वर पोचताच घातला. इकडे आईचा अनुभव वेगळाच. चर्चच्या आत सूर्य येत नाही, दगड थंड असतो आणि माणूस बाकावर स्वस्थ बसतं, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार वाटतं. चालणाऱ्या माणसाचे आणि बसलेल्या माणसाचे कपडे एक नसतात. म्हाताऱ्या माणसांसोबत फिरताना आपल्याला उकडतंय म्हणून त्यांना स्वेटर काढायला लावू नये.

दुपारी ग्राबेन रस्त्याने मिशेलरप्लात्झ या चौकात आलो. होफबुर्ग राजवाड्याच्या समोर एक साधी, नक्षी नसलेली इमारत उभी आहे. आडोल्फ लूस या वास्तुकाराने ती १९०९ ते १९११ या काळात बांधली, आणि बांधली कुणासाठी, तर 'गोल्डमन अँड झालाच' या पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यांसाठी! खिडक्यांवर कसलीही महिरप नाही म्हणून तेव्हा लोकांनी तिला 'भुवया नसलेलं घर' म्हटलं. वाद एवढा पेटला की शेवटी खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या लावून तडजोड झाली. आता आत बँक आहे. लूसने ग्राबेनवरच्या क्निझे या शिंप्याच्या दुकानाचीही सजावट केली. ते दुकान १८५८ पासूनचं, आजही चालू आहे. राजवाड्याच्या दारात शिंप्याची पेढी, आणि तिच्यावरून अख्ख्या शहरात भांडण. या शहराला कपड्यांची किती आच आहे ते इथे कळतं. रस्त्यावरही ते दिसतं. आपल्या आजोबांच्या वयाची माणसं सकाळी पाव आणायला निघतात तीही इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर आणि गळ्यात नीट गुंडाळलेला मफलर घालून.

दोनच्या सुमाराला २३ अंश झाले. आईचा कोट आणि स्वेटर दोन्ही माझ्या पाठीवरच्या पिशवीत गेले. कॉफीहाउसमध्ये दाराशी कोट टांगायचे स्टँड असतात, तिथे कोट अडकवून निवांत बसायचं. चांदीच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा पेला येतो. ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येणारं. नळाचंच पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

शनिवार

शनिवारी नाशमार्क्टच्या शेवटाला जुना बाजार भरतो. पितळी भांडी, घड्याळं, पोस्टकार्डं, आणि रांगेने टांगलेले जुने कोट. तिथे आईचा हात एका हिरव्या कोटावर थांबला. "हे कापड बघ, घोंगडीसारखं आहे."

तो लोडनचा कोट होता. लोडन म्हणजे आल्प्समधल्या मेंढपाळांचं कापड. लोकर विणून झाली की ते कापड गरम पाण्यात घालून इतकं मळतात आणि तुडवतात की ते आटतं, धागे एकमेकांत घट्ट बसतात, आणि वारा आत शिरत नाही. पावसाचे थेंब वरच्या वर ओघळून जातात. आई माण तालुक्यातली. धनगरांच्या वाड्यावर खड्ड्यातल्या मागावर विणलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी तिने लहानपणी पावसात डोक्यावर घेतलेली आहे. तिने कोटाची कड बोटांत चोळली, वास घेतला, उलटी बाजू पाहिली. विकणाऱ्या बाई जर्मनमध्ये काही सांगत होत्या, आई मराठीत उत्तर देत होती, आणि दोघी लोकरीबद्दलच बोलत होत्या यात मला शंका नाही. कोट तिच्या मापाचा होता, किंमतही रास्त होती. पण पक्ष चालू होता. आईने तो नीट परत टांगला. मी आग्रह केला नाही.

मोजे मात्र घेतले. "गरजेच्या वस्तूला चालतं," असं आईनेच ठरवलं. आणि ते शनिवारीच घ्यावे लागतात. ऑस्ट्रियात कपड्यांची दुकानं शनिवारी सहापर्यंत मिटतात आणि रविवारी शहर बंद. छत्री मोडली, मोजे भिजले, मफलर राहिला, काहीही असो, शनिवारी संध्याकाळच्या आत सोय करून ठेवायची.

बाजारापासून कार्ल्सप्लात्झ चालण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या वीन म्युझियमचं कायमचं प्रदर्शन विनातिकीट बघता येतं. त्यात गुस्ताव क्लिम्टने १९०२ मध्ये काढलेलं एमिली फ्लोगेचं चित्र आहे. निळ्या-जांभळ्या, खांद्यापासून पायापर्यंत सैल उतरणाऱ्या वस्त्रातली ताठ उभी बाई. एमिलीने बहिणींबरोबर १९०४ मध्ये मारियाहिल्फर रस्त्यावर कपड्यांचं दुकान काढलं. तो काळ बायकांनी पोट आवळून कॉर्सेट घालण्याचा. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथच्या बारीक कमरेच्या कहाण्या सांगत आजही पर्यटकांना फिरवतात. त्याच शहरात फ्लोगे भगिनी श्वास घेता येईल, हात वर करता येतील असे कपडे शिवत होत्या. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ते दुकान बंद पडलं. आई चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "हिला चालता येत असेल." कपड्याबद्दल यापेक्षा मोठी दाद मी तिच्या तोंडून ऐकलेली नाही.

रात्री ऑपेरा. स्टाट्सओपरची इमारत १८६९ ची. १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात जळली आणि पुन्हा बांधून १९५५ मध्ये उघडली. इथे काय घालावं यावर पर्यटक फार घाबरतात. उभं राहून बघायची तिकिटं बसायच्या तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त असतात, आणि तिथे साधी पँट-शर्ट घातलेले विद्यार्थीही असतात. फक्त हाफ पँट आणि चपला नकोत. आम्ही दादाने आधीच काढून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसलो, पण मध्यंतराआधी मी उभ्या जागेकडे डोकावले. तिथे कठड्यावर ओळीने मफलर बांधलेले होते. आपली जागा धरून ठेवायची ही तिथली जुनी पद्धत. मफलर बांधला की ती जागा तुमची, मग खुशाल पाणी पिऊन या, कुणी हलवत नाही. मफलर गळ्याला नको असला तरी जवळ हवा, याला हेही एक कारण.

आई मोरपंखी, बारीक काठाची पैठणी नेसली होती. थर्मल काढून ठेवला होता, कारण सभागृहात माणसांचीच ऊब भरपूर असते. कोट गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यावा लागतो. तो खांद्यावरून उतरला आणि पैठणीचा पदर दिव्यांखाली आला, तेव्हा जिन्यावरच्या दोन वृद्ध बाई थांबल्या, हसून मान झुकवली. त्यातल्या एकीने काठाकडे बोट दाखवून विचारलं, हाताने विणलंय का. वहिनीने हो म्हणून सांगितलं. "लोक बघतील" म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरंच ठरलं. लोकांनी बघितलं, आणि फार आदराने बघितलं. संध्याकाळच्या ऑपेरासाठी बॅगेत वेगळा गाऊन, वेगळे बूट कोंबू नका. एक हलकी रेशमी साडी किंवा रेशमी कुर्ता पुरतो. रेशीम घडीत मावतं, फारसं चुरगळत नाही आणि सुती साडीपेक्षा कितीतरी जास्त ऊब देतं. सिंथेटिक साडी मात्र टाळा. थर्मलवर घासून ती अंगाला चिकटते.

रविवार

दुकानं बंद, म्युझियम उघडी. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये पीटर ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे. मोठी पिशवी आणि छत्री आत नेता येत नाही. कोटही ठेवून दिला की हात मोकळे होतात. ब्रॉयगेलने १५६५ मध्ये वर्षाच्या ऋतूंची चित्रं काढली, त्यातली तीन इथे आहेत. बर्फातून परतणारे शिकारी सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांच्यासमोर गर्दी होती. आम्ही गुरं घरी परततानाच्या चित्रासमोर बसलो. शरद ऋतू संपत आलेला, झाडांची पानं झडलेली, उजवीकडून काळा ढग चढतोय, आणि गुराखी पाठी वाकवून, काठ्या घेऊन गुरांना खाली गावाकडे हाकतायत. वारा कुठून येतोय ते त्या पाठींवरून कळतं. आई म्हणाली, "पाऊस यायच्या आत पोचायचंय त्यांना." साडेचारशे वर्षं झाली, त्या आभाळाची घाई अजून तशीच आहे.

बाहेर त्या दिवशी कडक ऊन होतं. मेट्रोत प्राटरच्या जत्रेला निघालेली तरुण मुलं-मुली होती. मुली डिर्न्डल झग्यांत, मुलगे चामड्याच्या अर्ध्या पँटीत आणि लोकरीच्या पायमोज्यांत. कुणी अवघडलेलं नव्हतं. आपला पारंपरिक पोशाख घालून बिअर प्यायला निघालेली विशीतली पोरं बघून मला फार बरं वाटलं.

दुपारी ३८-ए बसने काहलेनबर्गला गेलो. ४८४ मीटरची टेकडी, आपल्या डोळ्यांना लहानच. पण वर पोचलो आणि आईने कोटाची टोपी डोक्यावर ओढली. शहरात झुळूक असते तेव्हा इथे वारा असतो. पोलंडचा राजा यान सोबिएस्कीचं सैन्य १२ सप्टेंबर १६८३ ला याच टेकड्यांवरून खाली उतरलं आणि व्हिएन्नाला पडलेला ऑटोमन तुर्कांचा वेढा मोडला. पायाशी द्राक्षांचे मळे, पलीकडे डॅन्यूब, दूर सपाटी. वाऱ्यात साडी सांभाळायची रीत आईला सांगावी लागली नाही. पदर पाठीवरून घेऊन पुढे कमरेला खोचला, त्यावर कोट आणि कोटाची सगळी बटणं बंद. खालून फक्त निऱ्या, आणि त्यांना ती पिन. मी पँट घालून थरथरत होते, ती आरामात बाकावर बसून मळे बघत होती. सहा वार कापड कमरेभोवती आणि पायांभोवती फिरलेलं असतं, त्याखाली परकर, त्याखाली थर्मल. पायांना तिच्याइतकी ऊब आमच्यात कुणालाच नव्हती.

उतरताना ग्रिन्झिंगच्या एका हॉयरिगरमध्ये, म्हणजे मळेवाल्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या गुत्त्यात, बसलो. या दिवसांत 'श्टुर्म' मिळते. अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड, बुडबुडे येणारा द्राक्षरस. आंबणं चालूच असतं म्हणून बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत. वर्षातून या काही आठवड्यांतच मिळते. आईने ताजा द्राक्षरस घेतला, आम्ही श्टुर्म. पावावर लाल मिरचीची पूड घातलेलं 'लिप्टावर' नावाचं चीज. सात वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि त्या क्षणापासून अर्ध्या तासात अंगणातली हवा पार बदलते. सहा वाजता पातळ शर्टात असलेले सगळे लोक साडेसातला मफलर गुंडाळून बसले होते. संध्याकाळी बाहेर जेवायचं असेल तर दुपारी कितीही ऊन असो, स्वेटर घरी ठेवू नका.

सोमवार

रात्रीत पश्चिमेचा वारा आला. सकाळी खिडकीबाहेर राखाडी आभाळ, तिरका पाऊस आणि १२ अंश, दुपारीही तेवढेच. घटस्थापनेचा दिवस. आमच्याकडे घट थोरल्या काकूंकडे बसतात, म्हणून आईला येता आलं होतं. सोमवार, म्हणून पांढरा रंग. तिने पांढरी, लाल काठाची रेशमी साडी खास आणली होती. दादा म्हणाला, "आई, पावसात पांढरी?" ती म्हणाली, "मग काय झालं? रंग आजचाच आहे." साडी तीन बोटं वर, बूट, वर गडद कोट. छत्री वहिनीने घेऊच दिली नाही. इथला वारा घडीच्या छत्र्या उलट्या करून टाकतो; कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांत मोडलेल्या दोन-तीन दिसल्याही. टोपीचा कोट हेच खरं.

पावसाच्या दिवसासाठी होफबुर्गमधला राजकोश राखून ठेवावा. (तो मंगळवारी बंद असतो.) तिथे सगळे मुकुट बघतात, पण माझ्या मते त्या दालनांतली सगळ्यात मोठी वस्तू एक कापड आहे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा झगा. लाल रेशीम, अर्धगोल, सुमारे साडेतीन मीटर रुंद. मध्ये खजुराचं झाड, आणि दोन्ही बाजूंना सिंह उंटाला खाली पाडतोय. सोन्याच्या तारा, मोत्यांच्या ओळी. आणि खालच्या काठावरून अरबी लिपीत लिहिलंय की हा झगा पालेर्मोच्या शाही कारखान्यात हिजरी ५२८ साली, म्हणजे ११३३-३४ मध्ये, तयार झाला. ख्रिस्ती राजा, मुसलमान कारागीर, आणि पुढे शतकानुशतकं पवित्र रोमन सम्राटांनी राज्याभिषेकाला पांघरलेलं वस्त्र. आई काचेला नाक लावून तारा कशा टाचल्यात ते बघत होती. "तार आरपार नाही घातलेली. वर ठेवून बारीक टाक्याने टाचलीये. सोनं वाया जात नाही." तिने तरुणपणी जरीकाम केलं आहे. माहितीच्या पाटीवर जे मला सापडलं नाही, ते तिने सांगितलं.

घरी आलो तेव्हा बूट भिजले होते. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून खिडकीखाली उभे ठेवले. हीटरला टेकवले तर चामडं तडकतं. सकाळपर्यंत वाळले. पांढऱ्या साडीच्या काठावर चिखलाचा एक थेंबही नव्हता.

मंगळवार

दुपारचं विमान. सकाळी बॅग भरताना वहिनीच्या आईचा फोन आला. त्या ऑक्टोबरात, नवरात्र झाल्यावर, लेकीकडे येणार आहेत. आईने फोन स्पीकरवर टाकला आणि साड्यांच्या घड्या घालत बोलत राहिली.

"विहीणबाई, जाड जाकीट आणू नका, माझं इथेच ठेवून चाललेय, लागलं तर घाला. परकर सॅटिनचा आणा, दोन. बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरा. आणि हो, शनिवारी बाजारात एक हिरवा लोकरी कोट टांगलेला असेल, हिला सांगून ठेवलंय कुठे ते. आता पक्षही संपलाय. मापाला आला तर घेऊन टाका. नाही आला, तर माझ्यासाठी घ्या."